पाचटाचा धूर

कोपरगाव, जि. अहिल्यानगर
१२ मार्च २०२५

चि. सृष्टी हिस,
जेम्ससरांचा सप्रेम सलाम आणि आशीर्वाद.

पुण्याच्या उन्हात जपून राहा. तुझ्या आईची, केशरबाईंची, काल भेट झाली. तब्येत ठणठणीत आहे. माझा ऊस मागच्या आठवड्यात कारखान्याला गेला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दिवसभर रानातच असतो.

फोनवर तू विचारलंस, "सर, परिसंवादात बोलायचंय. एवढा धूर सोडणारा आपला देश खरंच सुधारू शकतो का?" मी म्हटलं, पत्राने कळवतो. वर्गात मी याचं उत्तर मुद्दे घालून लिहून देत असे. आता ते जमत नाही, म्हणून घडलं तेवढं सांगतो.

नववीत असताना याच विषयावर तू शाळेत भाषण केलंस. शेवटी म्हणालीस, "आमचे सर पर्यावरण छान शिकवतात. पण त्यांच्या उसाचं पाचट पेटलं की मला दम लागतो आणि माझी दोन दिवस शाळा बुडते." सगळे माझ्याकडे बघत होते. तरी त्या वर्षीही मी जाळलंच. ऊस तुटून गेला की रानभर वाळका पाला पडतो; काडी ओढली की तासाभरात रान मोकळं.

दहावीनंतर तू हॉस्टेलला गेलीस. त्या हंगामात मी काडेपेटी घेऊन बांधावर उभा होतो, तेव्हा केशरबाई दोन बायकांना घेऊन आल्या.

"सर, पोरगी म्हनली, सरांना मानसं मिळत न्हाईत म्हनून जाळत्यात. आमी पसरतो पाचट सरीत. तुमी फकस्त पेटवू नका."

"पण सृष्टी आता इथं नसते," मी म्हणालो.

"ती नसंल. दुसऱ्यांची लेकरं हायती की."

मी काडेपेटी खिशात टाकली. मग मीही त्यांच्याबरोबर वाकलो. तीन दिवस लागले. पुढे तुटलेल्या बुडख्यांतून फुटलेल्या त्या खोडव्याला पाणी कमी लागलं, माती भुसभुशीत झाली. शेजारी येऊन विचारू लागले. आज आपल्या शिवारातले अठरापैकी अकरा जण जाळत नाहीत. सात जण जाळतात. कालच धूर होता. देशाचं मला सांगता येणार नाही. मी सुधारलो, तेही कुणीतरी तोंडावर सांगितलं आणि वर मदतीलाही आलं म्हणून.

आता राहिलेलं लिहितो. तुझ्या त्या भाषणानंतर तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेला तुला पाठवलं नाही. हेडमास्तरांनी दुसरं नाव दिलं, असं मी तुला सांगितलं. ते खोटं होतं. त्यांनी तुझंच नाव दिलं होतं. मी ते खोडलं. तू "बरं सर" म्हणालीस आणि जागेवर जाऊन बसलीस. आणि पुढे माझ्या रानात आईला पाठवलंस. प्रार्थनेत तुम्हा दोघींची नावं रोज घेतो, पण तुला हे सांगायला मला नऊ वर्षं लागली.

परिसंवादात माझं उदाहरण दे. गाव आणि नाव, दोन्ही सांग.

तुझा ऋणी,
जेम्स भिंगारदिवे