लायसन्सवरचं बाबांचं नाव

आई,

बाबांचा फोन मी बर दुबई भागातल्या टायपिंग सेंटरला नेतेय, घरभर शोधू नकोस. ते गेल्यानंतर कंपनीचं लायसन्स पहिल्यांदाच रिन्यू करतोय आणि ओटीपी अजून त्यांच्याच नंबरवर येतो.

काल सरकारी अर्ज भरून देणाऱ्या त्या सेंटरवाल्याने फोनवर "आत्मारामसाब हैं?" विचारलं, तेव्हा तू म्हणालीस, "नहाने गये हैं." खरं सांगू, त्या क्षणी मलाही बाथरूममधून पाण्याचा आवाज आला.

आमटी फ्रीजमध्ये आहे, गरम करून जेव. दुपारी शेजारचा यतीनदादा तुला सेंटरवर न्यायला येईल. पार्टनर म्हणून आता तुझं नाव लागेल, सही हवी. पण आधी बाबांचं नाव काढावं लागेल आणि ते माझ्या एकटीच्याने होणार नाही.

ऋता