कौलबाईंचा हाक

कोराडी, रविवार, १५ जानेवारी १९७८

आज सासूबाईंनी शेजारच्या कौलबाईंची भाजी दोनदा मागून घेतली. माझ्या हातच्या मेथीला आजवर कधी 'बरी' म्हणाल्या नाहीत.

कौलबाई काश्मीरच्या. नवरा इथल्या वीजकेंद्रात इंजिनिअर. आमच्याएवढंच क्वार्टर, तेवढंच अंगण, पानांवर कोळशाची तीच राख. तरी तिच्या वाफ्यात तीन जातींचा हाक! भाजीचंच नाव म्हणे हाक. एकाची पानं रुंद, एकाचे देठ जांभळट, आणि एकाच्या पानांना झालरीसारखी कुरळी कड. ती झालर तर डोळ्यांत सलते.

दुपारी ती आम्हाला हाकाची रोपं द्यायला आली. मी म्हटलं, "जागा नाही."

सासूबाई मागून म्हणाल्या, "काहून नाही वं? ते मेथी जून झाली, उपटून टाक." आणि स्वतःच उपटली. माझी मेथी!

राग गिळला, तरी तोंडातून निघालंच, "आमच्या उन्हात ही जगायची नाहीत, भाभी."

ती हसली. "पता है. हर साल जल जाता है. फिर भी लगाती हूँ, घर की याद आती है."

अशा बाईशी भांडताही येईना. त्या झालरीचा हेवा वाटावा आणि तिची कीवही यावी, हे कसलं मन? खरं सांगायचं तर हेवाच जास्त.

सासूबाई आत्ता विचारून गेल्या, "तुले करता येते का वं ते भाजी?"

येत नाही. उद्या शिकायला तिच्याच दारात जायचंय.