तक्रार खिडकी आणि तीन लिटर

३ एप्रिल
किडनी स्टोन. पाच मिलिमीटर. डॉक्टर म्हणजे कालचं पोर, मिशीसुद्धा धड फुटलेली नाही. म्हणतो, काका, रोज तीन लिटर पाणी प्या, खडा आपोआप पडेल. चोवीस तारखेपर्यंत नाही पडला तर ऑपरेशन. पाणी प्या, हे सांगायला एवढी वर्षं शिकला!

ऑपरेशन म्हणजे आठ दिवस रजा. अशक्य. पाणीपुरवठा ऑफिसातली तक्रार खिडकी मी तेवीस वर्षं एकहाती चालवतोय. दहा ते दोन. या वेळात 'खिडकी बंद आहे' ही पाटी एकदाही लागलेली नाही. याचं रहस्य साधं आहे. मी पाणी पीत नाही, म्हणून मला उठावं लागत नाही. बाकीचे ढोसतात आणि दिवसभर कॉरिडॉर तुडवतात.

संकल्प: उद्यापासून तीन लिटर. अर्थात दोननंतर.

४ एप्रिल
दोननंतर दोन ग्लास प्यायलो. पोट टम्म. पाण्याला चव नाही, वास नाही, त्यात लोकांना काय एवढं दिसतं कोण जाणे.

पेपरात वाचलं, पाणी खाण्यातूनही मिळतं. काकडीत म्हणे पंच्याण्णव टक्के पाणीच. म्हणजे चावून खायचं पाणी! डॉक्टरला हा धडा ऑप्शनला असणार.

आजचं पाणी: दोन ग्लास. चहा चार कप (चहा म्हणजे उकळलेलं पाणीच). काकड्या तीन. दही एक वाटी. चहात बुडवलेली बिस्किटं सहा. एकूण, अंदाजे, अडीच लिटर.

७ एप्रिल
शेजारच्या टेबलावर नवी ज्युनिअर आली आहे. मी तिला बाटलीबाई म्हणतो (मनात). तिच्या बाटलीवर तासातासाच्या रेघा आहेत. माणसाला तहान लागली की नाही, हे आता बाटली ठरवणार! आज साडेअकराला उठून गेली. सहा मिनिटं. मी घड्याळ लावून बघितलं. आल्यावर मला विचारते, सर, तुमच्यासाठीही आणू का अशी बाटली? मी सांगितलं, मला ऑफिसात काम असतं.

खिडकीवर एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणारे आजोबा आले होते. चार दिवस नळाला थेंब नाही म्हणून गळा काढत होते. मी त्यांना ऐकवलं, मीही सकाळपासून थेंब घेतलेला नाही, मी रडतोय का? निघून गेले. लोकांना सहनशक्तीच उरलेली नाही.

आजचं पाणी: काकड्या चार, मीठ लावून. कलिंगड पाव. चहा पाच.

१० एप्रिल
मीठ कमी करा म्हणून हिने कटकट केली. मिठाशिवाय काकडी म्हणजे शिक्षा. हिला म्हटलं, मीठ पाण्यात विरघळतं, म्हणजे ते पाण्याच्याच बाजूचं आहे. ही कपाळावर हात मारून आत गेली. पटलं असावं.

कन्यारत्नाने माझ्या फोनवर ॲप टाकलं. तासातासाला किणकिणतं आणि विचारतं, पाणी प्यायलात का? 'हो' दाबून किती लिटर तो आकडा टाकला की गप्प बसतं. टाकला.

१५ एप्रिल
ॲपने मेडल दिलं! 'जलवीर'. सलग पाच दिवस साडेतीन लिटर. तेवीस वर्षांत ऑफिसने साधा गुच्छ दिला नाही. कन्येने मेडल तिच्या मावशांना, आत्यांना, सगळ्यांना पाठवलं. म्हणाली, बाबा, मला वाटलं नव्हतं तुम्ही ऐकाल. डोळे भरून आले होते तिचे. मग मीही जास्त खोलात शिरलो नाही.

आजचं पाणी: चहा सहा. काकडी आणायची राहिली.

१९ एप्रिल, दुपारी एक
खिडकीवर बसलो असताना कंबरेत कळ. डोळ्यांपुढे काजवे. उठलो नाही. समोरची बाई विचारत होती, बरं वाटत नाही का? मी तिला फॉर्म परत केला, दोन प्रती लागतात म्हणून. बाटलीबाईने ग्लास भरून पुढे ठेवला. मी तो कुंडीत ओतला. कुंडीला गरज होती.

२४ एप्रिल
खडा जागच्या जागी. डॉक्टर चक्रावला. त्याने विचारलं, पाणी खरंच तीन लिटर होत होतं का? होत नसेल तर अजून दोन आठवडे पाण्यावरच बघू.

मी तोंड उघडणार एवढ्यात कन्येने फोन पुढे केला. साडेतीन, साडेतीन, चार. मेडल. डॉक्टर म्हणाला, वा, असा पेशंट पाहिला नाही! एवढ्या पाण्यानेही हलत नाही म्हणजे खडा पक्का अडकलाय, परवा ऑपरेशन. कन्या माझ्याकडे अशी बघत होती की खरं सांगायची मला लाज वाटली. भीतीही वाटली. सही केली.

बाहेर आल्यावर ही नुसती हसली. चहाचे कप घरात तीच धुते.

२६ एप्रिल, दुपारी साडेबारा. हॉस्पिटल
ऑपरेशन दोन वाजता. सकाळपासून पाणी बंद. जीभ टाळूला चिकटली आहे. नर्सकडे तीनदा पाणी मागितलं. चौथ्यांदा ती ऐकवून गेली की बाकीचे पेशंट रडतात का? समोरच्या कॉटवरचा माणूस बाटली तोंडाला लावून गटागटा पितोय. पाणी इतकं चांगलं दिसतं हे मला माहीत नव्हतं.

आत्ता बाटलीबाईचा फोन. तब्येत विचारली. खिडकी तिने चालवली. दोनदा पाटी लावून उठलीसुद्धा. तरी रांग बाराला संपली. आजोबांच्या नळाला काल पाणी आलं. तिने फक्त प्लंबरला फोन केला होता. आजोबा आज खास आभार मानायला आले होते. माझी चौकशी कोणी केली नाही. कोणी केली का, असं मी विचारलं, तेव्हा तिने विषय बदलला.

साहेबांनी खिडकी कायमची तिला दिली. मला रेकॉर्ड रूम. बाथरूमला लागूनच आहे. साहेब म्हणाले म्हणे, आता त्यांना हवं तेवढं पाणी पिऊ दे.

ॲप किणकिणलं. कन्या खाली औषधं आणायला गेली होती. मी आकडा टाकला. शून्य. पहिल्यांदाच खरा.

ॲपने मेडल काढून घेतलं.