वाऱ्याचा डोळा

शेवगाव, मंगळवार, मे १९७३

आज पेपरातल्या शब्दांच्या सदरासाठी ‘विंडो’ हा शब्द घेतला. मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा. युरोपच्या उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचा शब्द, तो पुढं इंग्रजीत शिरला. आपल्याकडे गवाक्ष, म्हणजे बैलाचा डोळा. इतक्या दूरच्या माणसांनाही भिंतीतल्या भोकात डोळाच का दिसला असेल? लेख छान जमला. नेहमीप्रमाणे सुमतीला वाचून दाखवला.

ती उशांना टेकून बसलेली, धाप लागलेली. म्हणाली, “अहो, मग आपल्या खिडकीच्या डोळ्यात गोणपाट कुणी कोंबलंय?”

मीच. या दुष्काळात धूळ आत आली की तिचा दमा चढतो. डॉक्टरांनी बजावलंय.

“काढा ना ते. धुळीनं जायचं की कोंडून, एवढं तरी मला ठरवू द्या.”

“लेख देऊन येतो, मग बघू,” म्हणालो. संध्याकाळच्या एस.टी.नं तो नगरला छापखान्यात जायला हवा. कंडक्टर नेहमीसारखा हसला, “काय गुरुजी, आज कुनाचं कूळ काढलं?” पाकीट त्याच्या हाती दिलं आणि घराकडे वळलो.

परतलो तर ती खिडकीखाली जमिनीवर बसली होती. गोणपाटाचं एक टोक ओढून काढलं होतं, पुढं ताकद पुरली नव्हती. ती बरी व्हावी म्हणून खिडकी बंद. आणि बरी होणारच नसेल तर? हे स्वतःला आजवर विचारलंच नव्हतं.

उरलेलं गोणपाट मी काढलं. धुळीचा लोट थेट आत. ती खोकत होती आणि हातानं खुणावत होती, राहू द्या, उघडीच राहू द्या.