मीटरचा काटा शून्यावर होता

झरी, मंगळवार, मार्च १९८४

गिटारसाठी जुन्या रेडिओच्या काचेच्या व्हॉल्वांवर बनवलेला अ‍ॅम्प्लिफायर संध्याकाळी पुन्हा उघडला. तीनशे व्होल्ट यायला पाहिजेत तिथं मीटर चारशे दाखवायलाय. व्हॉल्व करंट ओढतच नसेल? की सॉकेटखालचा सोल्डरचा टाका सुटला? तेवढ्यात लाईट गेली. मला उलट बरंच वाटलं. लाईट गेली तरी कंडेन्सरमध्ये करंट राहतो, हे मला पक्कं ठाऊक. म्हणून टॉर्चच्या उजेडात काटा शून्यावर येईपर्यंत दम धरला, स्वतःवर खूश झालो आणि टाका चाचपायला हात आत घातला.

बायको कंदील अन् चहा घेऊन आली. "आधी चहा घ्या बरं, गार व्हायलाय." मी चिडलोच. ही काय चहाची वेळ! तरी कप घ्यायला हात बाहेर काढला अन् बल्ब लागला. काटा झटक्यात चारशेवर.

लाईट आलेली कळावी म्हणून आमच्या घरात कुणीच बटण बंद करत नाही. बल्बचं नाही, अ‍ॅम्प्लिफायरचंही नाही. आणि मी काट्याकडं बघत बसलो होतो!

"आली बघा लाईट," ती म्हणाली, "करा आता तुमचं काम."

मी दोन्ही हातांनी कप धरून बसलो.