सत्तावीस तारखेचा कोट

मी, जिला सारी गल्ली टेलरमावशी म्हणते, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, हा कागद माझ्या हातानं आणि माझ्या मर्जीनं लिहून ठेवीत आहे. कुणाचा दबाव नाही, आणि असता तर मी तो मानला नसता. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सुईत दोरा ओवायला मी आता दोनदा चुकते, पण तो डोळ्यांचा दोष. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्याजोगं काही नाही.

मला एकुलता एक मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात आहे. नातीला आम्ही भुंगा म्हणतो, कारण ती गप्प बसत नाही. मुलाला परदेशात एका रुग्णालयातली यंत्रं दुरुस्त करण्याचं काम मिळालं आहे. येत्या सत्तावीस तारखेला तिघांनी निघायचं आणि एक तारखेला त्यानं तिथे हजर व्हायचं, असं ठरलं आहे. माझं हृदय चौदा तास विमानात बसण्यासारखं राहिलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही दुकान सोडवत नाही.

कलम पहिलं, घर. खाली दुकान आणि वर दोन खोल्या, हे सर्व माझ्या स्वतःच्या कमाईचं आहे. ते माझ्या पश्चात मुलाला मिळावं. अट एकच, त्यानं सत्तावीस तारखेच्या विमानात बसावं. माझ्यासाठी मागे राहिला, तर हेच घर माझ्या दिराला जाईल. होय, त्याच दिराला, जो परवा माझाच चहा पिता पिता "म्हातारीला टाकून चाललात का रे?" असं म्हणाला. हा कागद त्याच्या दृष्टीस पडता कामा नये. पडला तर तो पुतण्याला इथेच ठेवून घ्यायला जिवाचं रान करील.

कलम दुसरं. पायमशीन, इस्त्री आणि दोन्ही टेबलं काजवालीला द्यावीत. बावीस वर्षं ती माझ्याकडे काज-बटणं करते आहे आणि तिनं केलेलं एकही काज उसवून परत आलेलं नाही. वरची मागची खोली तिला हयातभर राहायला आहे. तिला कुणी उठवू नये. कालपासून ती सामानासकट राहायला आली आहे आणि माझ्या गोळ्यांच्या वेळा तिला पाठ आहेत. तेव्हा "आईकडे कोण बघणार?" हा प्रश्न निकालात निघाला, असं समजावं.

मोठी कात्री सुनेला. तिला साधी तुरपाई येत नाही, हे मला माहीत आहे. पण दीर एकदा या कात्रीनं पुठ्ठा कापायला बसला होता, तेव्हा सुनेनंच ती त्याच्या हातातून काढून घेतली. मी त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. बाई गं, ती मोठ्या बॅगेत ठेव. हातातल्या पिशवीतून नेऊ देत नाहीत.

अट पाळली गेल्यास दिराला दुकानातलं तीन पायांचं स्टूल मिळेल. चौथा पाय त्यानंच मोडला आहे.

कलम तिसरं. माझ्या मरणाची बातमी ऐकून कुणीही विमानात बसू नये. मी तेव्हा उठून चहा टाकणार नाही. बँकेतली ठेव तिघांच्या तिकिटांसाठी आहे. पुढच्या सुट्टीत या, मी असताना या. मी त्याआधी गेलेच, तर ती ठेव भुंगाच्या शिक्षणाला.

आता मुद्द्याचं बोलते. तिथे थंडी फार, म्हणून मी तिघांचे कोट शिवायला घेतले. सुनेचा झाला. भुंगाचाही झाला, खाली चार बोटं कापड दुमडून ठेवलं आहे आणि उसवायचं कसं ते सुनेला दाखवलं आहे. मुलाचा कोट मात्र नजरेच्या अंदाजानं बेतलेला, कच्च्या शिलाईवर, बाह्यांशिवाय दीड महिना खुंटीला लटकतो आहे. "ट्रायलला ये रे," म्हटलं की "उद्या येतो, आई."

पन्नास वर्षांच्या धंद्यात मी एक शिकले. जो ट्रायल चुकवतो, त्याला तो कपडा घालायचाच नसतो. एका नवरदेवानं चारदा चुकवली होती, तेव्हा लग्न मोडणार हे मला मुलीकडच्यांच्या आधी कळलं.

त्यात गुरुवारी माझी टेप उलट्या टोकाकडून गुंडाळलेली सापडली. काजवालीला विचारलं, तर ती आधी डब्यातली बटणं निवडू लागली. मग म्हणाली, "दादा भिंत मोजत होते. इथे पलंग मावेल का, म्हणाले. तुम्हाला सांगू नको म्हणाले." म्हणजे बायकोला आणि पोरीला पुढे पाठवायचं, हातचं काम घालवायचं, आणि हा दुकानात पलंग टाकून माझे श्वास मोजत बसणार! काय म्हणावं याला!

लेका, ऐक. चोविसाव्या वर्षी मलाही परदेशात कपड्यांच्या कारखान्यात काम लागलं होतं. तिकीट हातात होतं. माझ्या आईनं अंथरूण धरलं आणि मी राहिले. त्यानंतर ती एकोणीस वर्षं जगली. वाईट नव्हती बिचारी. पण रोज म्हणायची, "माझ्यामुळे अडकलीस गं." आणि रोज मी म्हणायचे, "नाही गं आई." एकोणीस वर्षं मी रोज खोटं बोलले. ती गेली तेव्हा मी रडले, आणि मला हायसंही वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही. ती तुझ्या वाट्याला येऊ नये, एवढीच माझी इच्छा आहे. तू गेलास की मला रडू येईल, खूप येईल. ते माझं मी बघीन.

जुन्या शर्टावरून माप काढून मी कोट पुरा करू शकते. पण करणार नाही. आज हा कागद मी मुलाला वाचायला देणार आहे. ज्याला घर मिळायचं त्यानं साक्षीदार होऊ नये, असं वकिलांनी सांगितलं, म्हणून त्याच्यासाठी सगळ्यात खाली जागा सोडली आहे. सही नको. छाती, खांदा आणि बाही, एवढं लिहावं. टेप टेबलावर आहे, सरळ गुंडाळलेली.

ठिकाण : खालचं दुकान, कापायचं टेबल
दिनांक : चौदा, रविवार, सकाळचे साडेदहा

सही : टेलरमावशी

आम्हा दोघांच्या देखत तिनं सही केली, हात कापला नाही :
१. डॉक्टर, समोरचा दवाखाना
२. शेजारच्या निवृत्त शाळामास्तरीण

(खाली, दुसऱ्या अक्षरात)

छाती अडतीस. खांदा साडेसतरा. बाही एकट्याला मोजता येत नाही. आई, टेप धर.