न रडलेली राणी

तोंडवली, मालवण

प्रिय रसिका,

तुझा सिनेमा पाहिला. कणकवलीला जाऊन, तिकीट काढून. बरोबर बाबली होता, आमच्या दशावतार कंपनीतला पखवाजवाला. शेवटच्या पाट्यांत कथेखाली तुझं नाव आलं तेव्हा त्याने अशी शिट्टी मारली की पुढची माणसं वळून बघायला लागली. माझा ऊर भरून आला. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी भांडणार आहे.

तुझी राणी देखणी आहे. घोड्यावरून येते, पदर वाऱ्यावर, मागे ढोलांचा गजर. अख्खं गलबत पेटतं, पण तिच्या कपाळावरची चंद्रकोर काही पुसत नाही. सेनापती म्हणतो, ‘राणीसाहेब, आपण मर्दासारख्या लढलात!’ आणि टाळ्यांचा कडकडाट. अगं, मी गडी माणूस, उभा जन्म राण्याच केल्या. बाई व्हायला माझी अर्धी उमर गेली, आणि तू एका वाक्यात तिचा बाप्या करून टाकलास? मला विचारायचंस तरी.

मग दूत येऊन राजा पडल्याचं सांगतो. राणी डोळे मिटते, उघडते आणि तलवार मागते. बस्स. बाबली अंधारात मोठ्याने म्हणाला, “घोव मेलो हिचो, आणि ही रडणा कशी नाय?” लोक हसले. मला हसू आलं नाही. ते कोरडे डोळे मी ओळखले. आईला नेलं त्या दिवशी अंगणात तू अशाच डोळ्यांनी आल्यागेल्याला पाणी देत होतीस. आजवर तू तिच्यासाठी रडलेली नाहीस, हे मला ठाऊक आहे.

आमच्या नाटकात राणी आधी रडते. लिहिलेले संवाद नसतात, तोंडाला येईल ते बोलायचं. पण विलाप चुकवायचा नाही. रंगमंचावरच्या एकुलत्या बाकड्याला धरून राणी रडते, खाली बायका डोळ्याला पदर लावतात, एखादी म्हातारी न राहवून ओरडते, “रडा नको गो बाय, आमी आसंव ना!” तेव्हा कुठे राणी तलवारीला हात घालते. न रडता उचललेली तलवार आमच्या लोकांना खोटी वाटते.

तो विलाप मी तुझ्या आईकडून घेतला. तिचा भाऊ होडीसकट गेला तेव्हा यशोदा वाळूत बसून जशी रडली होती, ते शब्द, तो हेल, मध्येच श्वास अडकणं, सगळं मी उचललं. तिला कळलं होतं. मला नऊवारी नेसवताना दम द्यायची, “माजा रडणा नीट रड हां, हसा करू नको.”

ती गेल्यानंतरचा पहिला प्रयोग नांदगावच्या जत्रेत होता. मी काही ठरवून केलं नाही. विलापाला तोंड उघडलं आणि आवाज यशोदेचा आला. बाबलीचा हात पखवाजावर थांबला. तू समोर चटईवर होतीस. उठलीस आणि चालू लागलीस. दुसऱ्या दिवशी बॅग भरताना म्हणालीस, “बाबा, तू माझ्या आयेक लोकांसमोर उभी केलस.” त्यानंतर या घराला तुझे पाय लागले नाहीत.

मी माफी मागणार नाही. ती आपणहून आली, रसिका, आणि मग दर विलापाला येत राहिली. घरात मी तिची किती वाट पाहिली, विहिरीकडे, चुलीपाशी. तिथे कधी नाही. फक्त राणी रडायला लागली की यायची. लोक म्हणायचे, गंगारामाची राणी अंगावर काटा आणते. मलाही भीती वाटायची, पण ओढ त्याहून मोठी. पावसाळ्यात नाटकं बंद, तेव्हा मागच्या पडवीत एकटाच बसून विलाप म्हणायचो, नुसता तिचा आवाज ऐकायला. शेजारी म्हणत असतील, म्हातारो पिसो झालो.

आता मुद्द्याचं लिहितो. तुझे फोन उचलत नाही म्हणून तू रागावली असशील. मला फार बोलवत नाही. घशात गाठ निघाली आहे, वाईटातली. गोव्याचे डॉक्टर स्वरयंत्रच काढणार आहेत, सोमवारी भरती व्हायचं आहे. जीव वाचेल म्हणतात, आवाज राहणार नाही. माझा गेला तर गेला, पण तिचाही जाईल. घसा घोगरा झालाय, तरी ती अजून येते. काल आली होती. सोमवारच्या आत घरी ये. साडी नेसणार नाही, तोंडाला रंग लावणार नाही, बाबलीशिवाय कुणी नसेल. तू समोर बस. या वेळी उठून जाऊ नकोस, पोरी. तुझी आई बोलेल तेवढं ऐक आणि तिच्याजवळ बसून पोटभर रड.

तुझाच, आणि सोमवारपर्यंत तिचाही,
बाबा